हे उत्तर कुणी द्यायचं?

मी थेट कॅप्शन देते. व्यासपीठावर कुणी बोललं की दोन-तीन सेकंदांत ते शब्द पडद्यावर यायला हवेत, कारण पुढच्या रांगेत ते वाचायला माणसं बसलेली असतात. कुणी जन्मापासून कर्णबधिर, कुणाचं ऐकणं वयाने कमी झालेलं, कुणाला अनोळखी उच्चारातली इंग्रजी कानाने पकडता येत नाही पण वाचली की लगेच कळते. हल्ली बऱ्याच सभांमध्ये हे काम संगणकावर सोपवतात. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांच्या संमेलनात मात्र ते धड जमत नाही. तिथे दर चार वाक्यांत कुणाच्या तरी मनातल्या ग्रहाचं, जमातीचं नाहीतर यानाचं नाव येतं. म्हणून मला बोलावतात, आणि मीही हौसेने जाते. या कथा मी लहानपणापासून वाचत आले आहे.

माझ्या स्टेनो यंत्राला जेमतेम बावीस-तेवीस कळा असतात. त्या एकेक दाबत नाहीत, पियानोसारख्या एकदम चार-पाच दाबायच्या, म्हणजे एका दाबात एक उच्चार उमटतो. अमेरिकेत न्यायालयीन लेखनिकांच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेत मिनिटाला २२५ शब्दांपर्यंत घ्यावे लागतात, तेही ९५ टक्के अचूक. बोलणारा तावात आला की तो वेगही अपुरा पडतो. म्हणून वारंवार येणाऱ्या वाक्यांसाठी आम्ही ‘ब्रीफ’ बांधून ठेवतो: अख्खं वाक्य, एकच दाब.

या कथांत आणि या छंदात कृष्णवर्णीयांना आणि बायकांना किती जागा मिळते, यावर संमेलनांत हमखास वाद होतो. त्यासाठी मी बांधलेली ब्रीफ अशी आहेत. ‘मी माणसाचा रंग बघत नाही.’ ‘आधी कथा चांगली हवी.’ ‘त्या काळात असंच होतं.’ ‘सगळ्यात राजकारण कशाला आणायचं?’ ‘माझ्या ओळखीच्या बायकांना तर यात काही वावगं वाटत नाही.’ आणि समोरच्या बाजूची: ‘याचं उत्तर मघाशी दिलं.’ ‘कथेत ड्रॅगन चालतो, मग काळा सरदार का चालत नाही?’ ही वाक्यं मी मुद्दाम गोळा केली नाहीत. इतक्या वेळा आली की बोटांनीच मागणी केली.

त्या दिवशीचं सत्र नायक कोण असतो याविषयी होतं. उघड सत्र होतं, ध्वनिमुद्रितही झालं, म्हणून लिहायला हरकत नाही. माणसांची नावं मात्र सांगत नाही. व्यासपीठावर चौघं. त्यांतल्या एका कृष्णवर्णीय लेखिकेची नवी कादंबरी दोन चंद्रांच्या ग्रहावर घडते. त्यांनी भरती-ओहोटीचा एक मोठा तक्ता घडी घालून आणला होता आणि सत्र सुरू व्हायच्या आधीच माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “यातले शब्द तुम्हाला त्रास देतील, म्हणून आधीच दाखवते.” बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कॅप्शन देणाऱ्या माणसाची आठवण होते.

सत्रात ज्यांचा उल्लेख होऊ शकेल अशा नावांची यादी मला दोन दिवस आधी मिळाली होती. नाव यंत्राच्या कोशात घालताना मी माणूस कोण आहे ते वाचून घेते. नाही तर सारख्या उच्चाराच्या दोन नावांतलं नेमकं चुकीचं पडद्यावर येतं. त्या यादीत एन. के. जेमिसिन होत्या. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मानाचा पुरस्कार, त्यांनी घेतला. लागोपाठ तीनदा ही कामगिरी त्यांच्याआधी कुणाची नव्हती, आणि या विभागात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. नेडी ओकोराफोर होत्या. त्यांना २०११ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला तेव्हा तो भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टच्या डोक्याच्या पुतळ्याच्या रूपात दिला जाई. ज्याने कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत हिणकस कविता लिहिली त्याचं डोकं घरात ठेवायचं कसं, हे त्यांनी उघडपणे मांडलं. २०१५ मध्ये तो पुतळा बंद झाला. मधली चार वर्षं तीच वाक्यं दोन्हीकडून बोलली गेली.

सत्र सुरू झालं आणि पहिल्या पाच-सात मिनिटांतच प्रेक्षकांतून एक गृहस्थ उभे राहिले. आवाज सौम्य, वागणं सभ्य. त्यांना म्हणायचं होतं की आम्ही या छंदात आलो ते बाहेरच्या जगात कुणी आम्हाला विचारत नव्हतं म्हणून. इथे सगळेच उपरे, मग इथे भेदभाव कसा असेल? आणि कथेचा नायक बाई आहे की पुरुष, गोरा की काळा, हे मोजायचं तरी कशाला?

मी त्या गृहस्थांना खोटं ठरवत नाही. या छंदात मलाही तसंच घर सापडलं होतं. पण ज्या माणसाला एकदा घर सापडतं त्याला, दाराशी दुसऱ्या कुणाला अडवलं जातंय, हे दिसणं फार जड जातं. प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याच वेळी माझ्या बोटांखाली तो चार दाबांत संपला.

लेखिकेने उत्तर दिलं. नीट, सविस्तर, न चिडता. मग दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी म्हणालं, पण गुणवत्तेचं काय? त्याचंही उत्तर दिलं. मग एका बाईंनी विचारलं की तुम्ही स्वतः कधी काही सोसलंय का, एखादं उदाहरण सांगा ना. हे वाक्य मला सगळ्यात नकोसं वाटतं. भर सभेत अनोळखी माणसांसमोर कुणी आपली जखम उघडून दाखवावी, म्हणजे मग आपण ती खरी आहे की नाही ते ठरवू. लेखिकेने एक प्रसंग सांगितला. त्यावर लगेच तिसऱ्याने शंका काढली की समोरच्याच्या मनात तसं नसेल कदाचित.

चाळीस मिनिटं झाली. तक्त्याची घडी तशीच होती. बाकीच्या तिघांना मधल्या वेळात आपापल्या पुस्तकांबद्दल भरपूर बोलता आलं. एकाने तर यानातल्या गुरुत्वाकर्षणावर रंगून सांगितलं. या वादाबद्दल ‘दोन्ही बाजू थकल्यात, आता सोडून द्या’ असं म्हणणारी समजूतदार माणसं मला नेहमी भेटतात. मी दोन्ही बाजू शब्दशः लिहून घेते, म्हणून खात्रीने सांगते की दमणूक सारखी वाटली गेलेली नाही. विचारणाऱ्याला तो प्रश्न बहुधा त्या दिवशीच सुचलेला असतो. उत्तर देणारी माणसं मात्र दर वेळी तीच असतात, आणि त्यांचा वेळ त्यांच्या लेखनातून, त्यांच्या तक्त्यांतून कापला जातो. त्यांनी चिडून उत्तर दिलं तर चिडल्याबद्दल नवा वाद. शांतपणे दिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं.

मग पहिले गृहस्थ पुन्हा उठले. या वेळी लेखिका म्हणाल्या, “मला आता माझ्या ग्रहावरच्या भरतीविषयी बोलायचं आहे.”

“म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही,” ते म्हणाले.

सूत्रसंचालकाने घड्याळाकडे पाहिलं. शेजारी बसलेले वयस्कर गोरे लेखक, जे तोवर या वादात जवळजवळ गप्प होते, त्यांनी माइक ओढून घेतला. “उत्तर आहे. मी देतो. ते त्यांनीच का द्यावं?”

आणि त्यांनी दिलं. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने लिहिणारं माणूस बाई असेल अशी कुजबुज होती, तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या जाणत्या लेखकाने १९७५ मध्ये छापून सांगितलं होतं की ही कल्पना हास्यास्पद आहे, हे लेखन पुरुषाचंच. दोनेक वर्षांत कळलं की त्या ॲलिस शेल्डन. “गुणवत्ता ओळखणारी आमची नजर ही अशी,” ते म्हणाले. मग कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखक सॅम्युअल डिलेनी. डिलेनींनी १९९८ च्या एका निबंधात लिहिलं आहे की त्यांची कादंबरी मासिकात क्रमशः छापायला संपादक जॉन कॅम्पबेल यांनी नकार दिला. लेखन आवडलं, पण वाचकांना कृष्णवर्णीय नायक आपला वाटणार नाही, असं कारण दिलं. नवोदित लेखकांसाठीचा पुरस्कार पुढे त्याच कॅम्पबेल यांच्या नावाने सुरू झाला.

“ते जुनं झालं,” गृहस्थ म्हणाले.

“जेनेट इंग यांनी तो पुरस्कार घेताना व्यासपीठावरून हे बोलून दाखवलं ते २०१९ मध्ये. त्याच महिन्यात नाव बदललं. सेहेचाळीस वर्षं लागली, आणि ती वर्षं कुणी तरी हेच बोलत राहिलं म्हणून. तुम्हाला आणखी बोलायचं असेल तर मी सत्रानंतर बाहेर थांबतो. हवा तितका वेळ देतो. इथला वेळ यांचा आहे.”

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक हात वर गेला. ती कर्णबधिर बाई वर्षानुवर्षं माझी कॅप्शन वाचते. तिने खाणाखुणांच्या भाषेत विचारलं आणि तिच्या दुभाष्याने मोठ्याने सांगितलं: “दोन चंद्र असतील तर भरती कधी येणार हे तिथल्या लोकांना कळतं कसं?”

लेखिकेने तक्त्याची घडी उघडली.

पुढची मिनिटं माझ्यासाठी त्या संमेलनातली सगळ्यात अवघड होती. भरतीचं बल अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. म्हणून सूर्य चंद्रापेक्षा इतका प्रचंड असूनही आपल्या भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी असतो. आणि म्हणूनच त्यांच्या ग्रहाचा धाकटा पण जवळचा चंद्र थोरल्याला भारी पडतो. चंद्र निम्म्या अंतरावर आला तर भरती आठपट. दोन्ही चंद्र एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग, आणि दोघांच्या फेऱ्या वेगवेगळ्या असल्याने ही गाठ साधं पंचांग धरून सांगता येत नाही. किनाऱ्यावरच्या बायका पिढ्यान् पिढ्या दोरीला गाठी मारून हा हिशेब सांभाळतात, आणि कादंबरीची नायिका त्यांतलीच एक. तिच्या हाती दोरी, म्हणून तिच्या हाती बंदर. नायक कोण असतो या प्रश्नाचं इतकं भरीव उत्तर त्या तासात दुसरं कुणी दिलं नव्हतं. एकाही वाक्याला माझ्याकडे ब्रीफ नव्हतं. एकेक उच्चार दाबत गेले, बोटं भरून आली, दोन ठिकाणी शब्द निसटले ते मागे जाऊन दुरुस्त केले. इतका आनंद मला या कामात क्वचित झाला आहे.

प्रतिलेख तपासताना पाहिलं: त्या लेखिकेच्या नावासमोर सगळ्यात जास्त मजकूर होता, आणि त्यातला त्यांच्या पुस्तकाविषयीचा सलग भाग शेवटच्या पानांवर काय तेवढा.

सत्रानंतर ते वयस्कर लेखक खरोखरच बाहेर थांबले. मी यंत्र आवरून निघाले तेव्हा ते आणि ते गृहस्थ भिंतीला टेकून बोलत होते. त्या गृहस्थांचं मत बदललं का, कोण जाणे.

आयोजकांच्या खोलीत मी फाइल द्यायला गेले तर लेखिका तिथेच होत्या. दुसऱ्या दिवशी प्रकाशन व्यवसायातल्या वंशवादावर एक सत्र होतं, त्यात त्यांचं नाव न विचारता घातलेलं. त्या ते काढायला सांगत होत्या. कार्यक्रम ठरवणारी मुलगी रडकुंडीला आली होती. तीही स्वयंसेवकच, बिनपगारी. “तुम्ही नसाल तर व्यासपीठावर सगळे गोरेच दिसतील,” ती म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांच्याविषयी बोलायचं तेच नसतील तर तेही वाईटच दिसतं, आणि हा पेच मला अजून सुटलेला नाही.

“मग तसं दिसू दे,” लेखिका म्हणाल्या. “मला समुद्रावर बोलायला जागा असेल तर सांगा, कितीही वाजता येईन.”

सकाळी नऊचं एक छोटं दालन रिकामं निघालं. ते त्यांना मिळालं. वंशवादाच्या सत्रात रात्री त्या वयस्कर लेखकांचं नाव पडलं, आणि झोपायच्या आधी त्यांनी मला नावांची यादी पाठवली. चांगली लांब होती. मी कोश उघडला आणि पहिल्यापासून एकेक नाव घालायला घेतलं.