तुम्ही विचारलंत म्हणून: औषधं सोडून अजून काय काय करता?

हा प्रश्न मला नेहमी फोन ठेवता ठेवता येतो. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर करत नेणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाचे कोणी नवीन आईबाबा अर्धा तास रिपोर्टबद्दल बोलतात, आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "आणि ते... औषधं सोडून अजून काही करता का तुम्ही? मालिश, अॅक्युपंक्चर, एखादी पावडर वगैरे?" जणू डॉक्टरांना न सांगता काहीतरी चाललंय. तर आधीच सांगून टाकते, करतो. बरंच करतो, बरंच करून सोडलंय, आणि त्यातलं थोडं केलंच नसतं तर बरं झालं असतं.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, ड्यूशेन आहे. बाहेर व्हीलचेअर, घरात भिंतीला हात लावत थोडं चालणं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे बरेच प्रकार आहेत, मी बोलतेय ते ड्यूशेनबद्दल, दुसरा प्रकार असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

आधी माझी चूक सांगते कारण ती मला आजही टोचते. निदान झालं तेव्हा डोक्यात एकच बसलं, स्नायू कमजोर आहेत म्हणजे व्यायामाने मजबूत करायचे. मग जिना. रोज चार वेळा वर, चार वेळा खाली. पोरगं म्हणायचं पोटऱ्या दुखतात, मी म्हणायचे सुरुवातीला दुखतंच. चढताना तो रेलिंग धरून कसाबसा चढायचा, तेव्हा मी त्याला वर ढकलायचे, आणि उतरताना म्हणायचे, बघ, हे तर सोपंय ना. एक दिवस लघवी गडद तपकिरी झाली तेव्हा घाबरून धावलो, आणि तिथे फिजिओने मला बसवून नीट समजावलं. स्नायूची पेशी आकसते-ताणते तेव्हा तिचं बाहेरचं आवरण फाटू नये म्हणून डिस्ट्रॉफिन नावाचं प्रोटीन लागतं, ते आपल्या मुलांकडे जवळजवळ नसतंच. मग आवरणाला चिरा जातात, आतलं बाहेर गळतं, आणि रक्तातल्या सीपीकेचा (स्नायूतल्या एका एन्झाइमचा) आकडा हजारांत जातो तो त्यामुळेच. आणि सगळ्यात जास्त चिरा कधी जातात? स्नायू वजन झेलत झेलत लांब होतो तेव्हा. म्हणजे जिना उतरताना, उडी मारून खाली येताना, ट्रॅम्पोलिनवर. मी ज्याला सोपं म्हणत होते तेच सगळ्यात वाईट होतं, आणि ते मी आठ महिने करून घेतलं होतं. लघवीचा रंग म्हणजे तुटलेल्या स्नायूंमधलंच द्रव्य किडनीवाटे बाहेर येत होतं.

तेव्हापासून कोणतीही थेरपी कोणी सुचवली की मी आधी विचार करते की ह्यात मुलाची किती ताकद जाईल. त्याच्याकडे दिवसाची ताकद ठरलेली असते, ती थेरपीत संपली तर मित्रांशी खेळायला काय उरणार? माझा नियम साधा आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी अंग दुखत असेल किंवा तो नेहमीपेक्षा लवकर थकला असेल तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी कमी.

ह्या नियमात सगळ्यात छान बसलं ते पाणी. पाण्यात शरीराचं वजन पाणीच उचलतं, तिथे झेलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे जमिनीवर ज्याला हात खांद्याच्या वर नेता येत नाही तो पाण्यात आरामात नेतो. पाणी कोमट हवं, गार पाण्यात स्नायू आखडतात. २०१८मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी ह्या वैद्यकीय नियतकालिकात ड्यूशेनच्या काळजीच्या गाइडलाइन्स आल्या, त्यातही पोहण्याची जोरात शिफारस आहे, म्हणजे हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. फक्त दोन गोष्टी. एक, मुलाला पाण्यात एकट्याला सोडायचं नाही, हाताच्या अंतरावर कोणीतरी हवं, मान आणि श्वास दोन्ही दमतात. आणि दोन, खरी गडबड बाहेर येताना होते, ओली फरशी, दमलेले पाय, आणि अचानक परत आलेलं स्वतःचं वजन. आम्ही चेअर काठाशी आणून, ब्रेक लावून, टॉवेल टाकूनच त्याला बाहेर काढतो.

मालिश करतो, हलक्या हाताने, झोपायच्या आधी. स्नायू वाढत नाही त्याने, कोणी सांगत असेल तर ऐकू नका, पण दिवसभर बसून बसून पाठ-मांड्या अवघडतात त्याला आराम पडतो, आणि पोटावरून गोल हात फिरवला तर त्याला पोट साफ व्हायला बरं वाटतं (बद्धकोष्ठता ह्या मुलांना खूप होते, कोणी आधी सांगत नाही). पण मणका "मोकळा" करणारे, कडाकड झटके देणारे असतात ना, त्यांच्याकडे अजिबात नको. ह्या आजारावरचं औषध म्हणून वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतल्याने हाडं ठिसूळ झालेली असतात, मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकतं. आम्ही एकांकडे गेलो होतो, त्यांनी मान हातात धरल्या धरल्या मी उठले आणि मुलाला घेऊन बाहेर. उद्धट वाटलं असेल, वाटू दे.

अॅक्युपंक्चर पाठदुखीसाठी करून बघितलं. त्याला सुया आवडल्या नाहीत, तिसऱ्यांदा गेलो नाही.

आता पावडरी. ह्यावर मी जरा चिडून बोलते, माफ करा. निदानाच्या आधी आमच्या मुलाचं एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) वाढलेलं आलं होतं, आणि दीड वर्ष त्याला लिव्हरचं औषध चालू होतं. लिव्हर ठणठणीत होतं. एसजीपीटी आणि त्याच तपासणीतलं एसजीओटी दोन्ही स्नायूतही असतात, स्नायू फाटला की तेही रक्तात येतात, सोबत एक सीपीके केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. त्यामुळे आजही कोणी तो रिपोर्ट बघून "लिव्हर साफ करणारी" जडीबुटी सुचवली की मी म्हणते आधी जीजीटी बघा, ते पण लिव्हरचंच एन्झाइम आहे पण स्नायूमुळे वाढत नाही. दुसरं म्हणजे, "नैसर्गिक" म्हणून विकलेल्या काही पावडरींमध्ये लपवलेलं स्टिरॉइड सापडलंय, काहींमध्ये शिसं-पारा सापडलाय. मुलाला आठवड्यात तरतरी आली, चेहरा गोल झाला, तर खूश होण्याआधी आत काय आहे ते तपासा. आणि कोणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांचं स्टिरॉइड एकदम बंद करू नका, प्लीज, शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. ज्येष्ठमधही साधं वाटतं पण त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, स्टिरॉइडवरच्या मुलाला ते नकोच.

क्रिएटिनबद्दल (ताकदीसाठी घेतात ते सप्लिमेंट) खूप विचारतात. ते पूर्ण भंपक नाही, सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीत ताकद थोडी वाढल्याचं आलंय. पण थोडी म्हणजे थोडीच, ती पण काही महिन्यांच्या अभ्यासांत, आणि ते डॉक्टरांना सांगून, किडनीवर लक्ष ठेवूनच. कोक्यू१० (को-एन्झाइम क्यू१०, आणखी एक सप्लिमेंट) आम्ही सहा महिने दिलं, मला फरक दिसला नाही, त्यालाही नाही, बंद केलं.

श्वासासाठी गाणं आणि माउथऑर्गन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फुफ्फुसाची तपासणी आणि पुढे लागलं तर खोकल्याचं मशीन (कफ बाहेर काढायला मदत करणारं) ह्याला हा पर्याय नाही. मान्य. पण माउथऑर्गन वाजवताना त्याला कोणी पेशंट म्हणत नाही, उलट बंद कर रे म्हणून ओरडतात, आणि मला ते ऐकायला फार आवडतं.

आणि रोजचं स्ट्रेचिंग. घोटा, गुडघ्याची मागची शीर, कंबर, आता मनगटं आणि बोटं पण. खरं तर हे पूरक-बिरक काही नाही, हे मुख्यच आहे, पण एवढं कंटाळवाणं आहे की लोक हे सोडून पावडर शोधायला जातात (मीही गेले होते). घोट्याची शीर आखडली की पाऊल वाकडं होतं, मग बूट घालता येत नाहीत, व्हीलचेअरच्या फूटरेस्टवर पाय नीट बसत नाही. आठवड्यातून चार ते सहा दिवस तरी करा, आणि दुखेपर्यंत नाही, ताण जाणवेपर्यंत. आमच्याकडे हे रात्री होतं, मालिशच्या आधी. मी पाऊल धरते, तो आकडे मोजतो, तीसपर्यंत मोजायचं असं ठरलंय. वीसपर्यंत प्रामाणिकपणे येतो आणि मग थेट अठ्ठावीस. मी काही बोलत नाही, पाऊल धरून ठेवते, आणि मनात एकवीस, बावीस मोजत राहते.