आमची वाटचाल : ‘बाई, हे गाणं कशासाठी म्हणतात?’

२०१२च्या जूनमध्ये मिरजेत भाड्याच्या एका खोलीत आम्ही शाळेतल्या मुलांना संगीत ऐकवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा जवळ एक पेटी, तबल्याची जोडी, जुनी गिटार आणि सीडी प्लेअर एवढंच भांडवल होतं. शाळेत संगीताच्या तासाला प्रार्थना, स्वागतगीत आणि समूहगीत यापलीकडे मुलांच्या कानावर फारसं काही पडत नाही, हे मी स्वतः शिक्षिका असताना पाहिलं होतं. म्हणून पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी आठवड्याला एक तासिका मागून घ्यायची आणि मुलांना तऱ्हेतऱ्हेचं संगीत ऐकवायचं, हाताळायला द्यायचं असं ठरवलं. गायक-वादक घडवायचे नव्हते. त्यासाठी या गावाला कोणी शिकवायची गरज नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, गायक विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे इथेच शिकले. आम्हाला तयार कानाची मुलं हवी होती.

पहिली दोन वर्षं मी चुकीचं शिकवलं. भिंतीवर मोठा तक्ता लावायचा. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, लावणी, पोवाडा, कव्वाली, जॅझ, रॉक. प्रत्येकाची व्याख्या, चार वैशिष्ट्यं, दोन-तीन मोठी नावं. मुलं वहीत नेटकं उतरवून घ्यायची, चाचणीत पैकीच्या पैकी गुण आणायची, आणि पडद्यामागे ढोलकी वाजवली तर ‘तबला’ म्हणून मोकळी व्हायची.

मग उसाच्या पट्ट्यातल्या एका शाळेत मी विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं शास्त्रीय गाणं, लावला होता. पाच मिनिटं झाली असतील. मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, “बाई, हे गाणं कधी म्हणतात?” मी म्हटलं, मैफलीत. तो म्हणाला, “तसं न्हवं. कशासाठी म्हणतात? आमची आजी दळताना म्हणायची. लग्न झाल्यावर गोंधळी येऊन म्हणतात. हे कशासाठी?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या रात्री तो तक्ता काढून टाकला. तेव्हापासून आमच्या अभ्यासक्रमाची मांडणी त्या मुलाच्या प्रश्नावर उभी आहे: कष्टाची गाणी, देवाची गाणी, लढ्याची गाणी, नाचाची गाणी, निजवण्याची गाणी आणि शेवटी नुसतं सुरात बुडून जाण्यासाठीची गाणी. देश, भाषा, अभिजात की लोक, हे नंतर आपोआप येतं.

कष्टाच्या गाण्यांचा तास माझा सर्वांत आवडता. आधी जात्यावरची ओवी. वर्गात खरं जातं नेतो, दोघींना खुंटा धरून बसवतो. एकीनं म्हटलेली ओळ दुसरीनं उचलायची, हात थांबू द्यायचा नाही. मग ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या, गुलामगिरी भोगलेल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून तो कसा आला ते सांगतो. तिथेही एकाची हाक आणि बाकीच्यांची साथ. त्याचा साचा बारा खंडांचा, प्रत्येकात चार मात्रा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीनं तिला उत्तर द्यायचं. सातवीतल्या एका मुलीनं बोटांवर बारा मोजले आणि गिटार पुन्हा पहिल्या सुरावर आली तशी ओरडली, “सम आली!” अगदी बरोबर. सम म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, आणि हा बाराचा फेरा म्हणजे आवर्तनच आहे. मग वर्गानं स्वतःचा ब्लूज रचला: ‘एसटी चुकली माझी, सकाळची एसटी चुकली’ ही ओळ दोनदा, आणि उत्तर, ‘दप्तर घेऊन डोईवर, चालत शाळा गाठली.’ त्या मुलांना ब्लूजची व्याख्या सांगावी लागली नाही.

आमची माणसं हीच आमची खरी पुंजी. बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेले एक काका आहेत. लगीनसराईत ते मिळत नाहीत, म्हणून त्यांचे तास जुलै ते ऑक्टोबरमध्येच लावतो. एक तरुण गिटारवादक आहे. आणि हलगी वाजवणारे मास्तर. हलगी म्हणजे कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं, दोन काड्या, एक आखूड जाड आणि एक लांब बारीक. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मास्तर मैदानात कागद पेटवतात, हलगी त्या धगीवर गोल फिरवत शेकतात आणि बोटानं टिचकी मारून बघतात. ठप्प, ठप्प, आणि मग एकदम खण्ण. तो आवाज सुटला की पन्नास मुलं एकदम मागे सरतात.

याच हलगीपायी आमची एक मोठी शाळा गेली. काही पालकांनी तक्रार केली की आमच्या मुलांच्या हाती हे वाद्य का देता, ढोलकीवर तमाशाची गाणी का शिकवता. संचालकांनी आम्हाला बोलावून सुचवलं की हलगी-ढोलकी वगळा, त्याऐवजी कीबोर्ड वाढवा. आमच्या वर्षाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्या शाळेतून येत होता. मी मास्तरांना विचारलंसुद्धा नाही, तिथेच नकार दिला. करार संपला, चार महिन्यांची फी आजतागायत आली नाही. वाद्याची जात बघणाऱ्यांना मला इतकंच सांगायचं आहे की ज्या पोवाड्यांवर आपण छाती फुगवतो, ते याच डफ-तुणतुण्यावर, याच लोकांनी शेकडो वर्षं जिवंत ठेवलेत. दुसरं एक काम आम्ही पैसे मिळत असूनही घेत नाही, ते गॅदरिंग बसवून देण्याचं. डिसेंबरमध्ये दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. दोन महिने एकच गाणं घोटून घेतलं की ऐकण्याचा सगळा वेळ जातो.

२०१९चा ऑगस्ट विसरता येत नाही. तोवर सामान सांगलीत हलवलं होतं, नदीपासून लांब नसलेल्या एका गाळ्यात. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट, पाणी त्या वेळी ५७ फुटांपर्यंत गेलं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर पेटीचा भाता लगदा झाला होता, आतल्या सुरांच्या पट्ट्या खराब झाल्या होत्या, तबल्याच्या पुड्या सुटल्या होत्या, दोन्ही कीबोर्ड गेले. टाळ तेवढे चिखलातून काढून चिंचेनं घासले आणि पुन्हा वाजले. पुढचे तीन आठवडे आम्ही टाळ, टाळ्या आणि बाकं एवढ्यावर तास घेतले. सावरतोय तोच २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद. मोबाइलवर एकत्र गाणं जमत नाही, आवाज मागेपुढे पोचतो. म्हणून मुलांना घरातल्या मोठ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितलं. त्यातून आलेल्या ओव्या आणि अंगाया आजही वर्गात वापरतो.

तंबोरा मात्र त्या पुरात वाचला, कारण तो दुरुस्तीला मिरजेच्या सतारमेकरांकडे होता. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. सुरात बुडण्याच्या तासाला हा तंबोरा मध्ये ठेवतो. एका मुलाला घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुती दोरा हळूहळू सरकवायला सांगतो. आधी तार कोरडी वाजते. दोरा केसभर पुढे गेला की तिच्यातून गुंजारव उठतो, एका सुरातून अनेक सूर फुलतात. ही जवारी. कोणी काही न सांगता वर्ग शांत होतो. मग मी ख्याल लावते. ‘कशासाठी?’ हे आता कोणी विचारत नाही, पण विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

सध्या सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आमच्या सतरा शाळा आहेत. त्यांतल्या पाच जिल्हा परिषदेच्या, तिथे फी घेत नाही, बाकीच्यांच्या फीतून ते भागतं. यंदा नाचाच्या गाण्यांत गोव्याचं घुमट घेतोय. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आल्यानंतर बकऱ्याचं लावतात. परवा पेंढ्यात गुंडाळलेलं पहिलं घुमट पोचलं. मास्तरांनी ते मांडीवर घेतलं, मागच्या तोंडावर तळहात उघडझाप करत दोन-चार थापा मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “बाई, हे शेकायचं का उन्हात ठेवायचं, तेवढं त्यांना विचारून घ्या. बाकीचं मी बघतो.”