आमच्या घरातल्या जुन्या लॉजरचा शोध

इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं आमचं घर जुनं, टेरेस्ड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. १९११ च्या जनगणनेत पत्त्यावरून शोधलं तर तेव्हाचं कुटुंब सापडलं आणि शेवटच्या ओळीत एक लॉजर (घरात खोली भाड्याने घेऊन राहणारा), वय ३४, अविवाहित, जन्म केटरिंग गावचा, बुटांच्या कारखान्यात क्लिकर म्हणजे वरचं चामडं कापणारा. कुटुंब शोधणं सोपं असतं हो, नवरा बायको मुलं सगळी एकत्र सापडतात, लॉजर मात्र एकटा, त्यात याचं आडनाव इतकं सर्रास, म्हणजे इकडचं पाटीलच!

म्हणून नाव जरा बाजूला ठेवलं आणि जन्मगाव नि काम धरून मागे गेले. १९०१ ला दुसऱ्याच गल्लीत बोर्डर म्हणजे जेवणासकट राहणारा म्हणून मिळाला, वय दोन वर्षांनी कमी, पण ते चालतंच, माहिती बहुतेक घरमालकीणच देत असणार. १८८१ च्या जनगणनेची यादी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे, तिथे केटरिंगला त्याच नावाची, साधारण त्याच वयाची बरीच पोरं निघाली, झाली पंचाईत.

सोडवलं ते १९२१ ने. त्यात वय वर्षं आणि महिने असं दोन्ही विचारलंय, शिवाय नोकरी कुणाकडे तेही. महिने मोजून जन्माची तिमाही काढली, जन्मनोंदणीच्या तिमाहीवार इंडेक्सशी (नावांच्या सूचीशी) ताडून पाहिली, एकच पोरगा उरला. आणि १९२१ लाही हा आमच्याच घरात, फक्त कुटुंबप्रमुख आता मालकीणबाई, विधवा. (आपल्याकडे हे जमलंच नसतं, जनगणनेचे घरोघरचे तक्ते कायद्याने बघताच येत नाहीत.)

पुढे सगळा खड्डा. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले, १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच नाही. मधे आहे ते १९३९ चं रजिस्टर, ओळखपत्रांसाठी केलेलं, त्यात पूर्ण जन्मतारीख असते पण कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते नसतं. इथे मी त्याला शोधलंच नाही, मालकिणीच्या मुलीचं लग्न इंडेक्समध्ये शोधलं, नवीन आडनावाने तिचं घर काढलं आणि तिथे हे महाशय हजर, तेच नाव, जन्माचा महिनाही जुळतोय, मालकीणबाईंचा पत्ता नाही पण हा मुलीकडे!

मृत्यूचा दाखला पैसे भरून मागवला, त्यावर खबर देणारी म्हणून तीच मुलगी. आता त्या कारखान्याचे काही कागद विगस्टनच्या रेकॉर्ड ऑफिसात (इथलं जुन्या कागदपत्रांचं दफ्तर) मिळतात का ते बघतेय.