बोटीचा ट्रेलर, रात्रीचा रस्ता आणि एक गंजका बोल्ट

मित्राची छोटी बोट ट्रेलरवर टाकून आम्ही दोघं तळ्यावर जाऊन आलो. बोटीचं नंतर कधीतरी, आधी ट्रेलरच्या लाइटचं सांगतो कारण ट्रिपमधला सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

निघायच्या आधी चेक केलं होतं हो. मी गाडीत, मित्र मागे उभा, डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक, टेल, एकेक करून सगळं लागलं आणि निघालो. अंधार पडल्यावर हेडलाइट लावले तर थोड्या वेळानं मागचा गाडीवाला डिपर मारायला लागला. बाजूला घेऊन बघतो तर ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतायत, डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा पण मिणमिणतोय, भूत शिरल्यासारखं.

पहिला तास फुकट. बल्ब बदलले, फ्यूज काढून बघितले, मग बल्ब काढून होल्डरमधे मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट बरोब्बर! आम्ही म्हटलं वायरिंग ठीक आहे. इथेच फसलो. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जॉइंटमधूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, वाटेत कुठे १ ओहमचा गंज असला तरी अडीच-पावणेतीन व्होल्ट तिथेच जातात. म्हणजे मीटर लावायचा तर बल्ब जागेवर आणि पेटलेला असताना.

शेवटी मित्रानं डिकीतली जंपर केबल काढली, एक चिमटा गाडीच्या उघड्या धातूला, दुसरा ट्रेलरच्या फ्रेमला, आणि सगळे लाइट झक्क लागले. म्हणजे अर्थ (करंट बॅटरीकडे परत जायची वाट) गेला होता. अर्थच्या पांढऱ्या वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी) फ्रेमला रंगावरच बोल्ट मारून बसवलेलं, खाली गंजाचा पापुद्रा. अर्थ मिळत होता तो टो बॉलमधून (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा गोळा), जेमतेम. एकेक लाइट लावला तर तेवढ्यावर भागायचं, सगळे एकदम लागले की नाही, मग करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा रस्ता शोधतो आणि नको ते दिवे पेटतात. तेव्हा चेक करताना हेडलाइट, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र चालू करा, एकेक बघण्यात काही अर्थ नाही (अर्थ खरंच नव्हता!).

बोल्ट काढला, चाकूनंच रंग खरवडून चकचकीत धातू काढला, नवीन थिंबल, दातेरी वॉशर, घट्ट आवळलं आणि वरून ग्रीस. पंधरा मिनिटांचं काम. घरी आल्यावर मात्र प्रत्येक लाइटला वेगळी अर्थ वायर ओढून गाडीला जोडायच्या प्लगपर्यंत आणली, आता फ्रेमवर भरवसाच नको.

रंगांवर पण विसंबू नका. चपट्या ४ पिनच्या प्लगमधे पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावा, हिरवी उजवा, आणि ब्रेक पिवळ्या-हिरव्यावरच. युरोपियन ७ पिनमधे ब्रेकची लाल वेगळी, टेलला डावीकडे काळी, उजवीकडे तपकिरी. त्यात आधीच्या मालकानं हाताला लागेल ती वायर जोडलेली असते, त्यामुळे प्रत्येक वायर तपासूनच जोडा. पिळून टेप मारलेले जॉइंट पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरवर टिकत नाहीत, आत तांबं हिरवं पडतं, गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) कनेक्टर वापरा. आणि वायर वळणावर ताणली जाणार नाही पण रस्त्याला घासणारही नाही इतकीच ढिली ठेवा.

तळ्यावर ट्रेलर पाण्यात रिव्हर्स घ्यायच्या आधी प्लग काढायचा आणि बल्ब गार होऊ द्यायचे, तापलेली काच गार पाण्यात तडकते. आम्ही विसरलोच होतो, मागची चाकं पाण्यात गेल्यावर मित्र ओरडला.

परत येताना अंधार पडायच्या आत एकदा थांबून सगळं एकदम लावून बघितलं. नंबर प्लेटचा दिवा बंद. परत अर्धा तास अर्थ शोधत बसलो, तर यावेळी नुसता बल्ब गेला होता.