काठ कुणाचा, खांदा कुणाचा

बार्शीत एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचं स्टुडिओचं दुकान आहे आणि मी तिथं गेली अकरा वर्षं फोटोशॉपवर बसतो. पासपोर्ट, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स हे रोजचंच. पण आठवड्यातनं एखाददुसरं काम असं येतंच की घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, दहावा तोंडावर आलेला असतो आणि फ्रेमसाठी फोटो पाहिजे असतो, आणि माणसाचा एकट्याचा असा धड फोटो घरात नसतोच. बायकांचा तर नाहीच नाही. असतो तो कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत उभी असलेली आई, आणि मग "तेवढी आईच काढून द्या" असं म्हणतात. काढून द्या म्हणजे कटिंग. बाकीचे सगळे घालवायचे आणि एकटं माणूस निळ्या बॅकग्राऊंडवर बसवायचं.

हे काम मला सगळ्यात जास्त जबाबदारीचं वाटतं. लग्नाच्या अल्बममध्ये एखादं कटिंग थोडं खडबडीत राहिलं तरी चालून जातं, हा फोटो मात्र त्या घरात पुढची तीस-चाळीस वर्षं भिंतीवर राहणार असतो, नातवंडं आजी म्हणून तोच चेहरा ओळखणार असतात.

मागच्या पावसाळ्यात असाच एक जण सकाळी साडेनऊलाच आला. पन्नाशीचा असेल, पायात चिखल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना अल्बम. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा दहावा होता. फोटो १९९६ चा, पुतणीच्या लग्नातला, पाच बाय सातची प्रिंट, रंग उडून लालसर झालेली. मांडवात बारा-तेरा माणसं उभी, त्यात त्याची आई आणि तिला खांद्याला खांदा लावून तिची धाकटी जाऊ. दोघींच्या डोक्यावर पदर, आणि दोघींच्या अंगावर अगदी एकसारखी हिरवी साडी, तोच सोनेरी काठ. आहेराच्या साड्या एका गठ्ठ्यातनं घेतल्या की असंच होतं, आपल्याकडं कुठल्याही जुन्या लग्नाच्या फोटोत बघा, चार-पाच जणी तरी सारख्या साडीत दिसतील.

मी प्रिंट अल्बममधून सांभाळून सोडवली आणि १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला बाराशे पिक्सेल, स्कॅन केली. सहा हजार बाय आठ हजार चारशे, पाच कोटी पिक्सेल झाले, पण त्यातला आईचा चेहरा जेमतेम नऊ मिलिमीटरचा, म्हणजे उंचीला सव्वाचारशे पिक्सेल. त्यांना बारा बाय अठराची फ्रेम पाहिजे होती, मी म्हटलं दादा दहा बाय बारा घ्या, त्यापेक्षा मोठा केला तर चेहरा फुटेल. ते लगेच हो म्हणाले.

दुकानात एक मुलगा शिकायला येतो, त्यानं आधी सिलेक्ट सब्जेक्ट मारून बघितलं. हल्ली एका क्लिकवर माणूस सुटतं आणि बऱ्याचदा छानच सुटतं, मी स्वतः वापरतो. पण इथं त्यानं दोघी जावांना धरून एकच माणूस केलं, पुढं उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यासकट. ऑब्जेक्ट सिलेक्शननं आईभोवती चौकोन ओढून बघितलं तरी तेच, हिरवं ते हिरवं, त्याला मधे फट दिसेना. मग मी म्हटलं ऊठ, हे हातानंच करायला लागणार.

अशा कामाला मी मॅग्नेटिक लासो घेतो. फोटोशॉपमध्ये हे टूल १९९८ ला, पाचव्या व्हर्जनमध्ये आलं, म्हणजे तसं जुनंच आहे, पण नवीन पोरं त्याला हात लावत नाहीत आणि मला ते पटत नाही. एकदा कडेवर क्लिक करायचं आणि मग बटण न दाबता कडेकडेनं माऊस नुसता फिरवत न्यायचा, रेघ आपोआप जाऊन कडेला चिकटते आणि मधेमधे खुंट्या ठोकत जाते. वरच्या पट्टीत तीन आकडे असतात. विड्थ म्हणजे कर्सरपासून किती पिक्सेलच्या आत कड शोधायची, कॉन्ट्रास्ट म्हणजे किती फरक असला की त्याला कड म्हणायचं, आणि फ्रीक्वेन्सी म्हणजे खुंट्या किती दाट. उघडल्यावर १०, १० आणि ५७ असतात, बहुतेक लोक ते बदलतच नाहीत. कॅप्स लॉक दाबलं की कर्सरच्या जागी विड्थचा गोल दिसतो, चौकोनी कंसाच्या बटणांनी तो चालता चालता लहानमोठा करता येतो, आणि चुकीच्या जागी खुंटी पडली की डिलीट दाबून एकेक मागं यायचं. एस्केप मात्र दाबायचं नाही, सगळी रेघ जाते.

मी आधी गिम्प या फोटोशॉपसारख्याच फुकट सॉफ्टवेअरवर शिकलो, तिथं याच जातीची कात्री आहे. तिच्यामागचं गणित १९९५ चं, अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतल्या मॉर्टेन्सन आणि बॅरेट या दोघांचं. ते मला फार आवडतं म्हणून सांगतो. फोटोतला प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक थांबा समजायचा. एका थांब्यावरून शेजारच्या थांब्यावर जायला भाडं पडतं, पण जिथं ठळक कड आहे तिथं भाडं अगदी कमी. मग तुम्ही जे दोन बिंदू दिलेत त्यांच्यामधला सगळ्यात स्वस्त रस्ता कॉम्प्युटर शोधतो, आणि तो रस्ता म्हणजेच तुमची रेघ. म्हणजे त्याला माणूस, साडी, खांदा यातलं काहीही कळत नाही, त्याला फक्त स्वस्त रस्ता कळतो. हे सगळं मला माहिती होतं, तरी त्या दिवशी जे झालं ते झालंच.

मांडवाकडची बाजू भराभर झाली. पांढरट गुलाबी कापडावर हिरवा पदर, रेघ चिकटली ती सुटेचना. कानाजवळ कुड्या होत्या तिथं गोल बारीक केला. हनुवटीखाली सावलीत कड हरवत होती, तिथं ऑल्ट दाबून धरून तेवढाच तुकडा हातानं ओढला, ऑल्ट दाबून ओढलं की मॅग्नेटिकचा साधा लासो होतो आणि सोडलं की परत मॅग्नेटिक, हे फार उपयोगाचं आहे. मग जावेकडची बाजू. तिथं मी फोटोच्या लेयरची, म्हणजे थराची, कॉपी करून तिचा कॉन्ट्रास्ट चढवला, कारण लालसर पडलेल्या प्रिंटमध्ये दोन हिरव्यांतला फरक दिसतच नव्हता, आणि त्या कॉपीवर लासो चालवला. रेघ थोडी भिरभिरली आणि मग एकदम सोनेरी काठाला जाऊन चिकटली आणि काठाकाठानं सरळ खाली उतरली. मला वाटलं झालं काम. सिलेक्शन घेतलं, एक पिक्सेल फेदर दिला म्हणजे कड तेवढी मऊ केली, बाकीचं झाकणारा मास्क लावला, मागं फिका निळा टाकला आणि त्यांना बोलावलं.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तोंड आईचंच हाय. पण आई वाटंना."

मी विचारलं काय वाटत नाही, रंग का, डोळे का? त्यांना सांगता येईना. मी चेहऱ्याचा लालपणा काढला, थोडा उजेड दिला, तरी ते मान हलवायचे. शेवटी म्हणाले, आई अशी भारदस्त नव्हती. मी मूळ फोटो उघडून बघितला, परत कटिंग बघितलं, माझी रेघ काठावर तंतोतंत होती, एक पिक्सेल इकडं नाही की तिकडं नाही. त्यांनी मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून घरी काकूंना पाठवला, पण म्हाताऱ्या माणसाला त्या एवढ्याशा स्क्रीनवर काय दिसणार. मग ते म्हणाले काकूलाच घेऊन येतो. मी म्हटलं अहो सुतक आहे, पावसाचं कशाला, तर म्हणाले तिच्याशिवाय हे कुणाला कळायचं नाही, आणि गेले गाडी काढून. गाव बावीस किलोमीटर.

दुपारी दोनला आले. काकू म्हणजे फोटोतली धाकटी जाऊ, आता सत्तरीच्या पुढची, बारीक, डोक्यावर भिजलेला पदर. मी चहा सांगत होतो तर नको म्हणाल्या, सुतकात बाहेरचं घेत नाही, नुसतं बस. मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि मूळ स्कॅन दोनशे टक्क्यांवर मोठा केला. आधी त्या नुसत्या बघत बसल्या. या फोटोत स्वतःला एवढं मोठं त्यांनी कधी बघितलेलं नसणार. मग त्यांनी बोट थेट काचेला लावलं, त्या सोनेरी काठावर.

"ह्यो काठ माजा हाय लेकरा. माज्या डोसक्यावरनं आलेला. आक्काचा काठ हितं न्हाईच. तिनं पदर खोचला हुता, सकाळधरनं वाढपाला हुबी हुती ती. फोटूवाल्यानं हाक मारली म्हणून तशीच आली."

तेव्हा मला दिसलं. त्या काठाच्या आत, हिरव्यातच, एक अगदी पुसट गडद रेघ होती, तीच आईच्या खांद्याची खरी कड. तिथपासून काठापर्यंतचा सगळा भाग जावेचा, तिच्या उजव्या खांद्यावरून उतरलेला पदर. म्हणजे मी सकाळपासून एका बाईला दुसरीचा अर्धा खांदा जोडून बसलो होतो. लासोनं त्याचं काम अगदी चोख केलं होतं, त्याला सगळ्यात ठळक कड पाहिजे होती आणि सगळ्यात ठळक तो सोनेरी काठच होता. आणि मीसुद्धा त्याच्यासारखाच चकाकलेल्या रेघेमागं गेलो. आईच्या मुलाला काय चुकलंय ते सांगता येत नव्हतं, पण डोळ्याला कळलं होतं.

मग मी साधा लासो घेतला. जुनं सिलेक्शन लोड केलं (मी प्रत्येक कटिंगचं सिलेक्शन चॅनेलमध्ये सेव्ह करून ठेवतोच, ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी), टूल वजाबाकीवर ठेवलं, म्हणजे ऑल्ट दाबून ओढलं की तेवढा भाग सिलेक्शनमधनं जातो, आणि काकूंना म्हटलं तुम्ही बोट फिरवा, मी मागनं येतो. त्या कानाखालून सुरुवात करून बोट हळूहळू खाली आणायच्या आणि मी त्यांच्या बोटामागनं माऊस. फ्रीहँडला एका दमात लांब ओढलं की हात थरथरतो आणि रेघ दातेरी येते, म्हणून मी दोन-दोन बोटांचे तुकडे करत गेलो. प्रत्येक तुकडा बाहेरनं जावेच्या बाजूनं बंद करायचा, म्हणजे नेमकेपणा फक्त आतल्या कडेला लागतो. दंडाजवळ त्या थांबल्या. तिथं चोळीची बाही आणि पदर एकमेकांत गेले होते आणि फोटोत नुसता हिरवट काळा गोळा होता. मी विचारलं इथं काय आहे आजी? तर म्हणाल्या तितं माजा हात हाय, मी तिचा दंड धरला हुता. मी चारशे टक्क्यांवर नेलं, रेड चॅनेल, म्हणजे फोटोतला नुसता लाल रंगाचा भाग, वेगळा करून बघितला, आणि खरंच, अंधारात चार बोटं होती. सकाळपासून फोटो माझ्यासमोर होता आणि मला ती दिसली नव्हती.

ती बोटं तर काढावी लागणारच होती. काढल्यावर दंडावर भोक पडलं, ते शेजारच्या साडीचा पोत क्लोन करून भरलं, त्याला अर्धा तास गेला. चेहऱ्याच्या कडेला अर्धा पिक्सेल, साडीला एक पिक्सेल फेदर ठेवला, सगळीकडं सारखा ठेवला की माणूस कागदाचं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मग मास्क लावला.

मास्क लावला की सिलेक्शनच्या बाहेरचं सगळं एका क्षणात जातं, मला त्याची इतकी सवय आहे की मी आधी काही सांगितलं नाही. काकू एकदम दचकल्या.

"आगं बया, आमी समदी कुटं गेलो?"

तेरा माणसांतलं फक्त गेलेलं माणूस स्क्रीनवर उरलं होतं. मी घाईघाईनं शिफ्ट धरून मास्कवर क्लिक केलं, असं केलं की मास्क तात्पुरता बंद होतो, आणि सगळी माणसं परत आली, मांडव, पोरं, त्या स्वतः. म्हटलं आजी काही गेलं नाही, नुसतं झाकलंय, बघा. त्यांनी मला दोनदा तसं करायला लावलं. तेव्हा मला फार बरं वाटलं की मी डिलीट मारून कटिंग करत नाही.

आईचा मुलगा मागं उभा होता. निळ्यावर आई आली तेव्हा यावेळी तो काहीच बोलला नाही, पुढं येऊन स्क्रीनसमोर हात जोडले. खांदा सकाळपेक्षा फार तर दोन बोटं बारीक झाला असेल, पण डाव्या बाजूनं मान आता मोकळी दिसत होती आणि माणूस थोडं घाईत उभं असल्यासारखं, परत वाढायला जायचंय असं.

पाचला प्रिंट निघाली, फ्रेमवाल्याकडनं काच बसून यायला सहा वाजले. पैसे देताना काकूंनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, दोघींचाच निघंल का, कापल्याबिगर? मी स्कॅनमधनं दोघींचा भाग घेतला, चार बाय सहाला, फक्त लालसरपणा काढला, बाकी कशालाच हात लावला नाही. दंडावरचा अंधार थोडा उजळला आणि ती चार बोटं आता नीट दिसत होती. मोठी फ्रेम मुलानं वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. छोटी प्रिंट काकूंनी ओल्या पिशवीत नाही ठेवली, पदराच्या आत धरली आणि गाडीवर मागं बसल्या.