हरेगावची वाट, आत्याबाई आणि मी

आमच्या राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात मतमाऊलीला, म्हणजे हरेगावच्या मारियामातेला, चालत जाणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही, ख्रिश्चन घरातलं कुणी ना कुणी हरेगावला पायी जातंच. 8 सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते आणि त्या सुमारास शनिवार-रविवारी यात्रा भरते, नगर नाशिक संभाजीनगर कुठून कुठून माणसं येतात. पुढं झेंडा, ट्रॅक्टरवर फुलांनी सजवलेली मूर्ती, स्पीकरवर गाणी, मागं आम्ही. निवृत्तीनाथांची पालखीपण त्र्यंबकेश्वरहून आमच्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, त्यामुळं लहानपणापासून वारी बघतच वाढलोय, आणि खरं सांगायचं तर टाळ ढोलकी दोन्हीकडं सारखीच वाजते.

यंदा नवस आत्याबाईंचा होता, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या लेकाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आमचे हे टेम्पो चालवायचे, बीपीकडं लक्ष दिलं नाही, पाय सुजले तेव्हा दवाखान्यात गेलो आणि थेट डायलिसिसवरच आले. आता दर सोमवार-गुरुवार. महात्मा फुले योजनेत डायलिसिस होतं ते देवाची कृपाच, पण जायचं-यायचं भाडं, वरची औषधं, आणि टेम्पो विकल्यावर घरात येणारा पैसा म्हणजे माझं शिलाईमशीन. मी किडनी द्यायला तयार होते, पण ह्यांचा ब्लडग्रुप ओ आणि माझा बी, नाही जुळत. आत्याबाईंना शुगर, त्यांची चालत नाही. वेटिंग लिस्टला नाव आहे.

तर अशा घरातून सासू-सुना चालत निघालो. पोरगा ह्यांच्याजवळ ठेवला, दोघं रविवारी एसटीनं हरेगावला येणार असं ठरलं.

देवळाली प्रवरा सोडेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही कारण निघायच्या आदल्या रात्रीच आमचं भांडण झालेलं. विषय नेहमीचाच, पाणी. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर सांगितलंय, त्यात चहा आला, आमटीचा रस्सा आला, गोळीबरोबरचा घोट पण आला. बाटलीवर मार्करनं रेघा मारून ठेवल्यात. तरी हे चोरून पितात. मग दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढतं, रात्री आडवं झालं की दम लागतो, उशा लावून बसवायचं आणि मी खिडकीशी उभी राहून उजाडायची वाट बघायची. त्या रात्री मी ओरडले, हे पण ओरडले, पोरगं जागं झालं. चर्चमधल्या बायका मला सांगतात आपला क्रूस आपण उचलावा गं, आणि मला असा राग येतो ना त्याचा, कारण क्रूस म्हणजे माझा नवरा का? तो पण उचलतोयच की त्याचा. डायलिसिसच्या सुईसाठी हातातल्या नसा जोडून फिस्टुला केलाय, तिथं कान लावला तर आत घूं घूं ऐकू येतं, पोरगा म्हणतो पप्पांच्या हातात टेम्पो चालू आहे. आणि तो टेम्पो चालवणारा माणूस आता घरी बसून माझ्या ब्लाऊजांना हुक लावतो, एवढ्या जाड बोटांनी, आणि माझ्यापेक्षा सरळ रेषेत लावतो. गिऱ्हाइकांना हे माहीत नाही.

दिंडीत एक रिटायर मास्तर होते, त्यांना बोलायला माणूस लागायचं. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं काढलं. रेव्हरंड टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून माहेरच्यांनी त्यांना आपल्याकडं ठेवून घेतलं, चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. मग त्या नवऱ्याकडं आल्या, आणि पुढं 1900 ला स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. नंतर दोघं काही वर्षं आपल्या राहुरीतच राहिले. मास्तर म्हणाले ते प्रोटेस्टंट, आपण कॅथलिक, पण बाई आपल्या राहुरीच्या. मला टिळकांपेक्षा बाईंचं जास्त वाटतं. देवाला शोधत जाणाऱ्याचं नाव होतं, पण मागं राहून लोकांची बोलणी खाऊन पुन्हा त्याच माणसाबरोबर संसार मांडायचा, आणि तोही तापट माणूस, हे सोपं नाही. मास्तरांना हे बोलले तर हसले आणि पुढच्या माणसाला धरलं.

आत्याबाई ऐकत होत्या. त्यांना शाळा नाही पण बायबलमधल्या गोष्टी तोंडपाठ. मी म्हटलं, आत्याबाई, लग्नात वाचतात ना, तुम्ही जाल तिथं मी येईन, तुमचा देव तो माझा देव, ते रूथनं नवऱ्याला म्हटलेलं नाहीच, सासूला म्हटलंय. मला वाटलं खुश होतील. त्या रस्त्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "असली दाखली नको काढू पोरी, त्यात सासूचा लेक मेलेला हाये." मग थोडं चालून परत स्वतःच म्हणाल्या, "पण सून चांगली होती तिची."

बेलापूरला प्रवरेच्या पुलाअलीकडं गावातल्या पोरांनी पाण्याचे जार आणि चहा ठेवलेला. ख्रिश्चन नव्हेत ती पोरं, दरसाल ठेवतात. ऊन चांगलंच होतं. तिथं आत्याबाईंनी एक ग्लास घेतला, दुसरा घेतला, तिसरा, चौथा. मी बघतच राहिले. कारण घरी ही बाई पाणी पीतच नाही. मी कितीदा रागावलेय, लघवीला जळजळ होते ती पाणी कमी पिता म्हणूनच, शुगरवाल्यांनी प्यायला पाहिजे म्हणून. म्हातारपणात तहान लागत नाही असं सांगायच्या. मी म्हटलं आता कशी लागली तहान? तर पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "घरी तो समोर असतो ना. मी प्याले की त्याची नजर माझ्या गळ्यावर येते. नको वाटतं." मग घरी कुठं पिता? तर संडासला जाताना शेजारच्यांच्या नळावर. डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून. मला नाही सांगितलं, लेकाला नाही, नवस बोलताना मारियेला तरी सांगितलं का कोण जाणे.

मी काय बोलणार. पूल ओलांडेपर्यंत त्यांची पिशवी मी घेतली, त्यांनी ती ओढून परत घेतली.

मला वाटायचं ह्या घरात सगळं मीच सोसतेय. आणि सोसतेच, ते खोटं नाही. पण लग्नात फादरांनी सुखात-दुःखात, आजारपणात साथ देण्याचं वचन घेतलं ते आम्हा दोघांकडून घेतलेलं, आत्याबाई तर तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होत्या, त्यांच्याकडून कुणी काहीच वदवून घेतलं नव्हतं.

श्रीरामपूरच्या पुढं पाय फुटले, त्याचं काय सांगायचं, सगळ्यांचेच फुटतात. दोन्हीकडं ऊस, चिखल, मध्ये एक सर आली तर सगळी दिंडी एका गोठ्यात शिरली आणि तिथंच जपमाळ झाली, म्हशीपण शांत. हरेगावात जुन्या साखर कारखान्याचा परिसर लागला की गर्दी वाढते, पाळणे, खेळणी, मेणबत्त्यांची दुकानं, लोटांगण घालत जाणारी माणसं. आत्याबाईंनी मेणबत्ती लावली, मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. मी उठवलं नाही.

रविवारी हे आले, पोराला हाताला धरून, खिशात रेघांची बाटली. निम्मी भरलेली होती. मी काही विचारायच्या आत पोरगा म्हणाला पप्पांनी एसटीत फक्त दोनदा घोट घेतला, मी मोजत होतो. बाहेर उसाच्या रसाचा गाडा. ह्यांना उसाचा रस नाही चालत, पोटॅशियम असतं, नारळपाणी पण नाही. हे म्हणाले तुम्ही तिघं प्या, मी तिकडं मेणबत्त्या बघतो. आत्याबाई म्हणाल्या मला गोड चालत नाही, शुगर आहे. मी म्हटलं माझा घसा बसलाय. मग पोराला एक ग्लास घेतला, बर्फ न घालता, आणि ह्यांनी मला म्हटलं, "घसा बसलाय म्हणतेस आणि अख्ख्या रस्त्यानं गाणी म्हणलीस म्हणं मास्तर सांगत होते."

"पी तू," म्हणाले. "मला काही होत नाही."

प्याले मी. अर्धा. उद्या सोमवार होता, सकाळी पहिला नंबर लागायला पाहिजे म्हणून संध्याकाळचीच एसटी धरली.