आजपासून तीर्थन बंद

ठाणे, १ नोव्हेंबर

आजपासून हिमाचलात ट्राउट धरायला बंदी, थेट फेब्रुवारी संपेपर्यंत. अंडी घालायचे दिवस. जेवताना बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर आहे. गाबोळीच्या दिवसांत मासा धरू नये." चेंदणी कोळीवाड्यात वाढलेला माणूस, नारळी पुनवेआधी होडी काढायची नाही, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून येऊन पंधरा दिवस झाले. डोळे मिटले की अजून तोच दगड दिसतो. गुशैनी गावाच्या वरच्या अंगाला पाणी त्याच्यावर आपटून फुटतं आणि मागे हातभर रुंदीचा शांत पट्टा राहतो. मोठा ब्राऊन ट्राउट तिथेच. हा मासा मूळचा युरोपातला, ब्रिटिशांनी आणून सोडलेला. प्रवाहाकडे तोंड करून एका जागी राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून खालच्या बाजूने, वाकून जायचं.

खाडीवर बाबांबरोबर गळ टाकला तो शिशाच्या वजनावर. इथे माशी म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेली गरी, तिला वजनच नाही. फेकायची ती जाड दोरी. माशी तिच्यामागून जाते. मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे. मी थांबतच नव्हते. दोन दिवस माशी पाण्यात कमी आणि मागच्या झाडांत जास्त.

तिसऱ्या दुपारी काठी बाजूला ठेवून पाण्यातले दगड उलटले. खाली वाळूचे कण चिकटवून केलेली किड्यांची बारीक घरं, दाटीवाटीने. म्हणजे मासा वर बघतच नव्हता! तरंगणारी माशी काढली, बुडणारी बांधली. चौथ्या फेकीला दोरीचं टोक किंचित अडखळलं.

कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब. अंगावर लाल ठिपके, भोवती फिकट कडा, आणि पोट अंड्यांनी तट्ट. हात आधी ओले केले, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. प्रवाहाकडे तोंड करून तिला नुसता आधार देत राहिले. शेपटी हलली, आणि गेली.

बाबांना हात दाखवून लांबी सांगितली. का सोडलीस, असं त्यांनी विचारलं नाही. घास तसाच हातात धरून म्हणाले, "दगडाच्या कुठल्या अंगाला होती?"

"डाव्या."

"सावली तिकडेच असेल."

तिकडेच होती.